हळव्या द्राक्षाची तहान

बारामती

माझ्या कामाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, हिला दारू पिण्याचे पैसे मिळतात. सासूबाई होत्या तोवर त्या पाहुण्यांना सांगायच्या, सूनबाई सरबतं तपासते. खरी गोष्ट अशी की मी वाइनची चव घेते आणि कुठल्या वाइनबरोबर काय खावं ते सांगते. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि थुंकायचा, यात निम्मं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं बाई कायम तर्र असते. असो.

जानेवारीच्या शेवटी नाशिककडच्या एका वाइनरीनं मला बारामतीला पाठवलं. तिथून पुढे, इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पलीकडे एका कुटुंबानं उसाच्या मुलखात टेम्प्रानियो लावलं होतं. हे स्पेनचं काळं द्राक्ष, तिथल्या तांबड्या वाइनचा कणा. स्पॅनिशमध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘लवकर येणारं’ असा होतो. इतर द्राक्षांच्या आधी पिकतं म्हणून. वाइनरीनं गेल्या हंगामातलं पीक घेऊन वाइन करून पाहिली होती. बाग पुढेही बांधून घ्यायची, म्हणजे दरवर्षीच्या पिकाचा करार करायचा, की नाही हे ठरायचं होतं. मी बाग पाहायची, तिथल्या जेवणाबरोबर वाइन चाखायची आणि काय वाटलं ते कळवायचं, एवढंच काम. ‘एवढंच’ हा शब्द मी पुण्यात स्वारगेटला बसून वापरला होता. आता वापरणार नाही.

बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरून खोकं उघडलं तर माझ्या सहा ग्लासांपैकी चारच शाबूत होते. पाटसच्या पुढच्या खड्ड्यांचा प्रसाद. मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची चौकशी करत असतानाच सुवर्णा आली. त्या घरची ती धाकटी सून. नाशिककडे याच वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करत होती, लग्न होऊन इकडे आली आणि येताना टेम्प्रानियोची काडी घेऊन आली. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, पाळ्यांमध्ये अडकलेला, त्यामुळे बागेचं सगळं हिच्यावर.

“मॅडम, घरी चहाचे काचेचे ग्लास आहेत की,” ती म्हणाली.

“चहाच्या ग्लासात टेम्प्रानियो? अगं, लाज काढशील माझी!”

तिनं हसू दाबलं. दुसऱ्याच दिवशी मी त्याच चहाच्या ग्लासातून प्याले, हे आधीच सांगून टाकते.

मार्केट यार्डापाशी थांबून आम्ही भरताची वांगी आणि पातीचा लसूण घेतला आणि तिच्या घरच्या जीपमधून निघालो. कारखान्याचा हंगाम जोरात होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाचा ट्रॅक्टर, मधे आम्ही, आणि दोन्हीकडून वेगवेगळी गाणी कानावर. रखडत चालल्यामुळे बोलायला वेळ मिळाला. सुवर्णानं घरचा मामला सांगितला. जमीन दोघा भावांची सामाईक. थोरले तात्या, धाकटे आबा. आबा हिचे सासरे. माळाचा तुकडा हिला द्राक्षाला मिळावा म्हणून आबा आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाशी भांडले. तात्या शेवटी म्हणाले, वाइनरीनं बाग बांधून घेतली तर ठीक, नाहीतर यंदाची तोड झाली की वेली उपटायच्या आणि ऊस लावायचा. उसाचं बेणंसुद्धा त्यांनी बोलून ठेवलं होतं.

“म्हणजे सगळं माझ्या जिभेवर आहे म्हण की,” मी म्हटलं. मला आपलं गमतीनं बोलायची खोड आहे.

ती हसली नाही. “हो, मॅडम,” म्हणाली.

भवानीनगरच्या पुढे

कारखाना ओलांडला की मळीचा वास येतो. गोड, आंबूस, जड. गावच्या लोकांना तो जाणवतही नाही. माझ्या नाकात मात्र तो असा ठाण मांडून बसला की मी सुवर्णाला म्हटलं, वारा फिरल्याशिवाय बाटली उघडायची नाही. इथे वाइन चाखायची तर आधी वाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

वस्ती माळाच्या पायथ्याशी आहे. एका बाजूला नजर पोचेल तिथवर ऊस, दुसऱ्या बाजूला तांबूस मुरमाचा उघडा माळ. एकाच दारात उभं राहून दोन मुलूख दिसतात. मधून पाटाची चारी जाते, म्हणजे कालव्याची शेतापर्यंत येणारी छोटी शाखा. ती कोरडी होती.

तात्या ओट्यावर बसले होते. उंच, पांढरं धोतर, आवाज ट्रॅक्टरला खाली बसवणारा. “या, या! दारूच्या मास्तरीण बाई आल्या. आमच्यात पिणारे लई हायेत, शिकवणारी तुमीच पहिल्या!”

“शिकायचंय का तुम्हाला?” मी विचारलं.

“उसाचा रस पाजा, त्यात आमी मास्तर हाय.”

आबा मागे उभे होते. बारीक, काटक, गळ्यात तुळशीची माळ. मटण सोडलेलं, दारूला तर उभ्या जन्मात हात नाही. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ म्हणाले, “च्या मागनं घिऊ. आदी बाग बगू.”

बाग दोन तुकड्यांत होती. वरचा तुकडा उतारावर, मुरमात. खालचा चारीला लागून, थोड्या भारी मातीत. काळे घड लटकत होते, तोड जवळ आली होती. आबा प्रत्येक वेलीजवळ थांबत. “हळवं वाण हाय,” त्यांनी मला समजावलं. “हळवा कांदा कसा लवकर येतो, तसं. आनि सुवर्णा म्हनती, पिकाया लागलं की ह्याचं पानी तोडायचं. आता तीच नाशिकला शिकल्याली, तिला कळतंय. पन बगा की पानं कशी पिवळी पडल्यात.” त्यांनी एक पान तळव्यावर घेतलं. “जनावर असतं तर हंबरलं असतं, बाई. ह्याला तोंड न्हाय.”

संध्याकाळी चहा झाला तेव्हा कळलं की हे घर मूळचं मेंढ्यांवालं. दोघा भावांचे वडील कळप घेऊन पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जात. आता घरात एक शेळी आणि खुंटीवर एक काळं घोंगडं, एवढंच उरलंय. मी सांगितलं की स्पेनमध्ये हे द्राक्ष जिथे होतं तिथेही मेंढपाळ आहेत, आणि ते मेंढीच्या दुधाचं चीज करून या वाइनबरोबर खातात. आबांनी कानाला हात लावला. “आमच्यात मेंढीचं दूध कोकराचं. आनि कळपानं पानी पेल्याबिगर मेंढक्यानं पानी प्यायचं न्हाय. आमच्या बानं कदी पेलं न्हाय.”

“घसा सुकून मरायचा एखादा,” मी म्हटलं.

“सुकायचाच की,” आबा शांतपणे म्हणाले.

माळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. मळीचा वास गेला आणि माळावरच्या वाळल्या गवताचा वास आला. सुवर्णा आणि मी वरच्या तुकड्याच्या टोकाला, बाभळीखाली दोन बाटल्या घेऊन बसलो. वाइनरीनं दोन्ही तुकड्यांची वाइन वेगळी ठेवली होती. बाटल्यांवर नुसतं ‘वर’ आणि ‘खाली’ असं लिहिलेलं.

आधी ‘वर’. ग्लास तिरका केला तर रंग गडद, पिकल्या जांभळाचा. वासात सुकं अंजीर आणि कोऱ्या चपलेचं चामडं, मागून तंबाखूची पुडी नुकती सोडल्यासारखा हलका दर्प. तोंडात घेतली आणि मी थुंकायचं विसरले. जिभेच्या कडांना छान तुरटपणा धरत होता, सुपारी चघळल्यावर धरतो तसा, पण ओरबाडत नव्हता. घोट गेल्यावरही चव बराच वेळ मागे राहिली. या वाणाची वाइन मी स्पेनमध्ये प्यायले आहे. हिला तिथे कुणी ओसरीवर बसवलं नसतं, आत घेतलं असतं.

“पोरी,” मी म्हणाले, “हे तू केलंस?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसरी बाटली तिनं रेंगाळत उघडली.

‘खाली’ फिकट होती, कडेनं गुलाबी. वास आला न आला. तोंडात पाणचट, आंबटही नाही, तुरटही नाही, आणि गेल्यावर मागे काहीच नाही. वाण तेच, हात तेच, मधे फक्त एक बांध. मी दोनदा चाखली. मग तिच्याकडे पाहिलं.

“पाणी दिलं होतंस? तोडणीच्या तोंडावर?”

खाली वस्तीच्या दारात आबा शेळीला पाला घालत होते, ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी तोडणीच्या आधी तिची आई आजारी पडली म्हणून ती माहेरी गेली होती. तेवढ्यात कालव्याचं आवर्तन आलं, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी सुटलं. उसाचं रान दुसऱ्या चारीवर आहे, माळाच्या तुकड्याची पाण्याची पाळी वेगळी. आबांनी पिवळी पानं पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. चारी फोडून त्यांनी खालचा तुकडा भिजवला. वरच्या तुकड्यावर पाणी चढत नाही, म्हणून तो वाचला. सुवर्णा परतली तेव्हा मणी फुगून काही तडकले होते, आणि आबा तिला हाताला धरून घड दाखवत होते. बघ पोरी, कशी टपोरी झाली! तू नव्हतीस, पण म्या उपाशी न्हाय ठिवली.

“मला बोलवेना, मॅडम. पाणी तोडायचं हे त्यांना सांगितलं होतं मी, पण का तोडायचं हे नीट कळलंच नव्हतं त्यांना. पाणी कमी पडलं तर पीक मरतं, एवढंच इथे सगळ्यांना माहिती. तात्यांना माहीत नाही. आबांनाही माहीत नाही की त्यांच्या पाण्यानं वाइन गेली. तुम्ही जेवताना पाण्याचं बोलू नका. जमिनीचा फरक म्हणा.”

“आणि यंदा? आवर्तन कधी आहे?”

“परवा, असं पाटकरी सांगून गेलाय.” पाटकरी म्हणजे कालव्याच्या दारांवरचा माणूस. “मी बांधावरून हलणार नाही परवा.”

“आणि पुढच्या वर्षी? बाळंतपणाला गेलीस, तापानं पडलीस, तर?”

मला रागही धड येईना. मी फटकळ बाई आहे, हॉटेलच्या मालकांना तोंडावर सांगते की तुमची वाइन भांडी घासायच्या लायकीची आहे. पण माहेरून आलेल्या सुनेसमोर भरलेले घड धरून उभा असलेला तो म्हातारा मला सारखा दिसत होता. मी म्हटलं, बरं, बघू.

जेवण

दुपारी जेवणाचा बेत होता. आबांची बायको, आक्का, सकाळपासून चुलीशी होत्या. चुलीत द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जळत होत्या आणि त्या निखाऱ्यांवर वांगी भाजली जात होती. मी थबकलेच. स्पेनमध्ये हे द्राक्ष पिकतं तिथे कोकराच्या बरगड्या नेमक्या अशाच वेलीच्या काड्यांवर भाजतात आणि त्याचं मोठं कौतुक करतात. मी आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “फुकटचं जळाण हाय, बाई. टाकून कशाला द्यायचं?” बहुधा स्पेनमधल्या बाईनंही पहिल्यांदा हेच म्हटलं असेल.

पाहुणी आली म्हणून पहिला मान काळ्या मसाल्याच्या मटणाच्या रश्शाला. तर्री अशी की वाटीत तोंड दिसावं. बाजरीची भाकरी कुस्करली, भुरका मारला, वर ‘वर’चा घोट घेतला आणि मेले! तांबड्या वाइनचा तुरटपणा आणि मिरची एकमेकींना चिथावतात. तोंडात जाळ झाला आणि ती सुंदर वाइन कडू लागायला लागली. तात्यांनीही घोट घेतला होता. त्यांनी तोंड वाकडं केलं. “काडा हाय ह्यो! पडशावर चालंल.”

सुवर्णाचा चेहरा उतरला. मी इकडेतिकडे पाहिलं. चुलीच्या कडेला एक छोटं पातेलं झाकून ठेवलं होतं.

“त्यात काय आहे, आक्का?”

“ते व्हय? आळणी हाय. शेजारची पोरं येत्याल म्हून.”

या भागात मटण शिजवताना आधी नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवतात आणि तिखट घालायच्या आधी त्यातलं थोडं लहान मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी बाजूला काढतात. त्याला म्हणतात आळणी. पाहुण्याला आळणी वाढणं म्हणजे जवळजवळ अपमान. आक्का पातेलं द्यायला तयारच होईनात. “लोक काय म्हनत्याल? पाव्हणीला पोरांचं खायला घातलं?” मी शेवटी उठून स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. ताटात जागा नव्हती म्हणून वाटीत, आणि माझे ग्लास जेवायला आलेल्या तात्यांच्या मित्रमंडळींकडे गेले होते म्हणून वाइन चहाच्या ग्लासात.

आणि जमलं. मऊ मटण, त्याची चरबी, हळदीचा किंचित कडसर वास, आणि त्यावर या वाइनचा तुरटपणा. चरबीनं तुरटपणा मऊ केला, वाइननं चरबीचा जडपणा उचलला. पुढचा घास हवासा वाटला. काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर तर धूर धुराला भेटला. मी तात्यांच्या वाटीत आळणी वाढली, त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि आधी खा, मग प्या म्हटलं. त्यांनी खाल्लं, प्याले. पुन्हा खाल्लं.

“आता काडा न्हाय,” ते नाइलाजानं म्हणाले. मग बाटली उचलून पाहिली. “दुसरी आना.”

‘खाली’ आली. तात्यांनी तीही तशीच घेतली. मग ग्लास ठेवला. ते मूर्ख गृहस्थ नव्हते.

“एकच वाण, एकच माळ. मग ही पानी घातल्यावानी का लागती?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सुवर्णा भाकरी थापायची थांबली. आबा आपल्या वेगळ्या ताटाशी, पिठलं-भाकरीवर, मान वर करून बसले होते. त्यांना यातलं काहीच चाखता येत नव्हतं. ते फक्त आमची तोंडं वाचत होते.

“जमिनीचा फरक असतो,” मी म्हटलं. “वर मुरूम, खाली भारी माती.”

“मग खालच्यात ऊस लावू की,” तात्या म्हणाले. “आनि निम्म्यासाठी वाइनरी कशाला हितवर यील? समदाच लावू.”

मी सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं, आणि त्या अर्ध्यानं बाग वाचणार नव्हती.

नरसिंहपूर

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा मला म्हणाले, “नीरा-नरसिंगपूर बगितलं न्हाय ना? चला, देव दावतो.” सुवर्णानं जीप काढली. तासाभराचा रस्ता ऊस, ऊस आणि पुन्हा ऊस असा आहे. मग एकदम नदी उघडते. नीरा आणि भीमा इथे भेटतात आणि संगमावर, उंच घाटावर, नरसिंहाचं मोठं देऊळ आहे. काळा दगड, थंडगार मंडप. नरसिंह हा रागाचा देव, पण इथे गाभाऱ्यात उभं राहिलं की राग आठवत नाही. माझ्यासारखीलाही नाही.

सुवर्णा प्रदक्षिणेला गेली. आबा आणि मी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. खाली दोन्ही नद्यांचं पाणी संथ चाललं होतं.

“मी ल्हान हुतो तवा,” ते म्हणाले, “एका साली हितं नुसती वाळू हुती. आमचा कळप हितवर आला हुता. बा म्हनला, संगमावर पानी गावंल. न्हाय गावलं. मेंढरं ओरडायची आदी. मग ओरडायची थांबली. ते थांबल्यालं लई वाईट, बाई.” त्यांनी नदीकडे पाहत हात जोडले. “बानं तांब्याभर पानी गावातनं आनलं मला. मी पेलो. बा न्हाय पेला. तवापासनं मला तहानल्यालं बगवत न्हाय. झाड असू द्या, जनावर असू द्या.”

मग ते माझ्याकडे वळले.

“मला चव कळायची न्हाय. माळ हाय गळ्यात. म्हून तुमाला इचारतो. काल तुमी तात्याकडं बगून बोलला न्हाय, सुवर्णाकडं बगून बोलला. ती खालची बाटली माझ्या पान्यानं गेली का?”

समोर नदी, मागे देव, आणि हा माणूस. मला खोटं सुचलं असतं तरी बोलता आलं नसतं.

“हो, आबा,” मी म्हणाले. “या द्राक्षाला शेवटी तहान लागावी लागते. तहानेनं त्याचा रस आटतो, घट्ट होतो, मग वास येतो, चव येते. तुम्ही पोटभर पाजलंत. मणी फुगले आणि आत नुसतं पाणी राहिलं. वरचा तुकडा तहानलेला राहिला म्हणून तो स्पेनच्या तोडीचा झाला.”

त्यांनी मान हलवली. “आनि तिला ठावं हुतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“वरीसभर बोलली न्हाय,” ते म्हणाले. “मी तिला टपोरी द्राक्षं दावत हुतो.” त्यांचा आवाज फाटला आणि ते रडले. एखादा म्हातारा पुरुष घाटावर बसून उघड रडतोय आणि आपण शेजारी बसून काही करू शकत नाही, हे फार अवघड असतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

सुवर्णा परतली तेव्हा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं होतं. तिनं प्रसादाचा नारळ त्यांच्या हातात दिला. ते एवढंच म्हणाले, “पोरी, उद्या तू बांधावर येऊ नगंस. मी हाय.” तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

घरी आल्यावर मी वाइनरीत फोन लावला. वरच्या तुकड्याची वाइन उत्तम आहे, आळणी मटण, भरीत आणि भाकरीबरोबर वाढा, तिखट रश्शापासून लांब ठेवा. खालच्या तुकड्यात दोष वेलीचा नाही, पाण्याचा आहे. पलीकडून उत्तर आलं की यंदा तोडणीपर्यंत खालच्याला पाणी पडलं नाही तर पूर्ण बाग बांधून घेऊ, पडलं तर विषय संपला. मी हे ओट्यावर उभं राहून तात्यांच्या देखत सांगितलं. तात्या हसले. “आमच्यात चालत आल्यालं पानी आजवर कुनी परत धाडलंय व्हय?”

चारीवर

चौथ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आधी आवाज आला, मग चारीतून फेस, वाळलेलं पाचट आणि काड्या ढकलत पाणी पुढे सरकलं. तहानलेल्या मातीचा असा वास सुटला की माझंच तोंड ओलं झालं. आबा अंधार सरल्यापासून बांधावर होते. शेताच्या तोंडाशी, जिथून पाणी आत घेतात तिथे, त्यांनी खोऱ्यानं चिखल लिंपून दार पक्कं बुजवलं होतं आणि त्याच्यावरच ते बसले होते.

तात्या मागून आले. “आरं, पाळी आली आपली! बसलास काय? फोड की!”

“न्हाय, तात्या.”

“येडा झाला काय तू?”

“गेल्या साली मी पाजलं खालच्याला,” आबा म्हणाले. “त्या बाटलीत माझं पानी हाय. सुवर्णानं वरीसभर पोटात ठिवलं. आवंदा न्हाय पाजायचं. पुढं जाऊ दे.”

तात्यांच्या हातात खोरं होतं. चिखलाचं ते दार त्यांना एका घावात फोडता आलं असतं. सुवर्णा घराच्या दारातून पाहत होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. तात्या धाकट्या भावाकडे पाहत राहिले. त्या वाळूच्या वर्षी तेही त्या कळपाबरोबर असणार, हे मला तेव्हा कुठे सुचलं. त्यांनी खोरं खाली ठेवलं आणि आबांच्या शेजारी बांधावर बसले.

पाणी त्यांच्या पायाशी येऊन दाराला थडकलं, क्षणभर चढलं आणि मग पुढच्याच्या रानाकडे वळलं. आबांनी वाकून त्यात हात घातला आणि तो डोळ्यांना लावला. “जा, आई,” ते म्हणाले. मागे पिवळ्या पानांच्या वेली उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

ऊन चढलं. पाळी संपायला अजून अवकाश होता आणि चारी भरून वाहत होती. आक्कांनी पाण्याचा तांब्या आणला. तात्यांनी हात पुढे केला होता, पण आबांनी मान हलवली तसा तो मागे घेतला.

“घोटभर तरी घ्या,” आक्का म्हणाल्या. “पहाटेपासनं कोरडं हायसा.”

“त्यास्नी न्हाय दिलं,” आबा म्हणाले. “मग मी कसं पिऊ?”

पाळी संपेपर्यंत दोघं भाऊ तसेच बसून राहिले. आक्कांनी भरलेला तांब्या परत नेला.